नवऱ्याला रक्ताचा कर्करोग: बायकोने स्वतःकडे काय ठेवावं, दुसऱ्यांवर काय सोपवावं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. नवऱ्याला, वय ३९, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे एएमएल निघाला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये पहिला किमो सुरू होऊन आठवडा झाला. अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा गावी सासूबाईंजवळ आहेत, दीर येऊन-जाऊन असतात. पैसे, रक्तदाते, राहायची सोय, नातेवाइकांचे फोन हे सगळं एकटीच्या अंगावर आलं आहे. "त्यांच्यासमोर रडू आवरत नाही आणि मी नक्की काय करायचं तेच कळत नाही," असं त्या लिहितात.

ताई, मी रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका म्हणून कित्येक वर्षं काम करते आहे. सगळ्यात आधी एक सांगते. या आजारात दोनच कामं अशी आहेत जी बायकोशिवाय दुसऱ्या कोणाला तितकी नीट जमत नाहीत. एक, पेशंटवर नजर ठेवणं. काल आणि आज यात काय फरक पडला ते तुम्हाला जितकं कळेल तितकं दर आठ तासांनी बदलणाऱ्या सिस्टरना कळणार नाही. आणि दुसरं, त्यांची माणूस म्हणून सोबत करणं. बाकीची सगळी कामं, म्हणजे दाते शोधणं, कागद गोळा करणं, फोन घेणं, डबा आणणं, गावाकडचं घर बघणं, दुसऱ्यांना देता येतात. ती द्याच. "काही लागलं तर सांगा" असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे एक काम सांगायचं: "भावजी, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला सोमवारपर्यंत आणा." "वन्सं, रोज संध्याकाळी सातला सगळ्यांना खुशाली तुम्ही कळवा, मी फक्त तुम्हालाच सांगेन." माणसं मदत करायला तयार असतात, काय करायचं ते त्यांना सुचत नाही.

आता पुढचे दिवस कसे जातील ते सांगते. ते माहीत असलं की निम्मी घालमेल कमी होते. एएमएलच्या पहिल्या किमोत साधारणपणे सात दिवस एक औषध चालतं आणि त्यातले तीन दिवस दुसरं. औषध संपलं म्हणजे अवघड भाग संपला असं वाटतं, पण खरा कस त्यानंतर लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून काउंट पडतात: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, सगळंच. साधारण चौथ्या आठवड्याच्या आसपास ते परत चढायला लागतात. मधले दोन-तीन आठवडे जंतुसंसर्गाचे आणि रक्तस्रावाचे. काउंट चढले की बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, पुन्हा तपासतात आणि आजार आटोक्यात आला, म्हणजे रेमिशन मिळालं का ते बघतात. मिळालं तरी उपचार थांबत नाहीत, आणखी तीन-चार किमो होतात किंवा ट्रान्सप्लांटचा, म्हणजे दात्याचा निरोगी मॅरो चढवण्याचा, विचार होतो. म्हणजे हे पाच-सहा महिन्यांचं काम आहे, कधी त्याहून जास्त. पहिल्या पंधरा दिवसांतच स्वतःची सगळी ताकद आणि घरातली सगळी शिल्लक संपवू नका.

डॉक्टरांना आजाराचा नेमका प्रकार विचारा आणि लिहून ठेवा. एपीएल नावाचा एक उपप्रकार आहे. त्यावर वेगळ्या गोळ्या आणि आर्सेनिकचं इंजेक्शन चालतं आणि गुण फार चांगला येतो. म्हणून शेजारच्या बेडवरच्या पेशंटशी तुलना करू नका. दोघांच्या फायलीवर "ल्युकेमिया" लिहिलं असलं तरी दोन आजार वेगळे असू शकतात.

वही घाला, साधी शंभर पानी. माझ्या ओळखीतल्या साताऱ्याकडच्या एका बाईंची वही अजून डोळ्यांपुढे आहे. डाव्या पानावर तारीख, ताप किती वाजता किती, जेवण, उलटी, शौच, लघवी. उजव्या पानावर त्या दिवशीचे काउंट आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, जास्तीत जास्त तीन. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, त्यात सात प्रश्न मावत नाहीत. सातवी शिकलेल्या त्या बाईंची वही बघून रेसिडेंट डॉक्टर आधी तिच्याकडे बघायचे आणि मग फाइल उघडायचे. शेवटच्या पानावर औषधांची नावं, कोणत्या औषधाने पुरळ आलं, रक्तगट आणि वॉर्डाचा फोन. दीर सोबतीला बसले तरी त्यांच्या हातात हीच वही.

तापाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात वेळ दवडला तर जीव जातो. किमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असताना एकदा जरी १०१ ताप आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती तातडीची बाब आहे. वॉर्डात असाल तर लगेच सिस्टरना सांगा. घरी किंवा धर्मशाळेत असाल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, टॅक्सी करून थेट कॅज्युअल्टीत जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: "ल्युकेमियाचे पेशंट आहेत, अमुक तारखेला किमो झाला, ताप आहे." पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा वैद्यकीय दंडक आहे. हे वाक्य त्यासाठीच. पेशंट हमखास म्हणतो, "सकाळी बघू, आता कुठे जातेस." तिथे ऐकायचं नाही. आणि आपल्या मनाने पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. अंगदुखीवर घरात असलेली कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढतो. थरथरून थंडी वाजली, धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला, तर थर्मामीटरमध्ये ताप दिसत नसला तरी निघायचं. डोकं जोरात दुखू लागलं, नजर अंधुक झाली, शौच काळं झालं किंवा नाकातलं रक्त थांबेना, तरीही तेच.

खाण्यावरून नातेवाईक तुम्हाला सर्वांत जास्त छळतील. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं अन्न. भाकरी-पोळी, वरण-भात, उकडलेलं पूर्ण शिजलेलं अंडं, नीट शिजवलेली कोंबडी किंवा मासळी. पाणी उकळून गार केलेलं. काउंट कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. केळं, मोसंबी अशी जाड सालीची फळं धुऊन, स्वच्छ हाताने सोलून देता येतात, पण तुमच्या वॉर्डाचा नियम काय ते विचारून घ्या. तोंड आलं असेल तर मिरची बाजूला, मऊ ब्रश, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. खरं म्हणजे औषधाइतकंच महत्त्व तुमच्या हात धुण्याला आहे.

गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, कोणा वैद्याचं भस्म, यातलं काहीही किमो चालू असताना देऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचं नोंदलेलं आहे, आणि किमोची औषधंही यकृतातूनच जातात. एएमएलमध्ये प्लेटलेट कमी होतात त्या मॅरोत बनत नाहीत म्हणून. पपईच्या पानाने मॅरो चालू होत नाही. कोणी आग्रहाने आणून दिलंच तर भांडू नका. "डॉक्टरांना विचारून देते" म्हणा आणि पिशवी बाजूला ठेवा. अंगारा-उदीला माझी हरकत नाही, फक्त तो तोंडात घालू नका आणि कपाळाला लावताना धूळ नाकात जाऊ देऊ नका.

प्लेटलेट. निरोगी माणसात दीड ते चार लाख असतात, म्हणून वीस हजारांचा रिपोर्ट बघून सगळं घर घाबरतं. पण रक्तस्राव किंवा ताप नसेल तर साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्यावरच चढवतात. म्हणून रिपोर्ट आला की आकड्याबरोबर डॉक्टर काय म्हणतात तेही ऐका. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे आजच पंचवीस दाते आणून साठा करता येत नाही. लागतात ते थोडे थोडे, सतत. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट. त्यात तास-दीड तास जातो, आधी शीर आणि रक्त तपासतात. दात्याने तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिनसारखी गोळी घेतलेली नसावी. हे काम दिरांना द्या. गावाकडून ट्रक भरून माणसं आणू नका. तुमच्या गावातले, तालुक्यातले जे लोक मुंबईत राहतात त्यांचं एखादं मंडळ असतंच, त्यांना सांगा. नवऱ्याच्या कामावरचे लोक, कॉलेजांची एनएसएसची मुलं, गणेश मंडळं. रक्तगट, फोन आणि कोणत्या वारी मोकळे ही यादी करून रोज एक-दोघांनाच बोलवा. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून देशात बंद आहे. हॉस्पिटलच्या गेटपाशी कोणी "दाता आणून देतो, इतके द्या" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

आणि एक गोष्ट लोकांना उशिरा कळते: ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर पेशंटच्या सख्ख्या भावा-बहिणींनी, आई-वडिलांनी त्याला रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत. मॅरो पुढे त्यांच्याकडूनच घ्यावा लागू शकतो आणि आधी त्यांचं रक्त चढलं असेल तर शरीर तो नाकारण्याचा धोका वाढतो. सासरकडच्यांना हे शांतपणे समजावा, नाहीतर "सख्खा भाऊ असून रक्त देऊ दिलं नाही" अशी खुन्नस मनात राहते.

पैशाचं. उद्याच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, "एमएसडब्ल्यू (म्हणजे वैद्यकीय समाजसेवक) कुठे बसतात" असं विचारलं की कोणीही दाखवेल. सोबत न्या: रेशनकार्ड, दोघांचं आधार, बँक पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी दिलेलं खर्चाचं एस्टिमेट. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवून येऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि केवळ पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डही चालतं. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, त्याच्यामार्फत मंजुरी घ्यायची. हेल्पलाइन १५५३८८. पण योजनेत ठरलेली पॅकेजं असतात. ल्युकेमियात खर्च वाढतो तो बहुतेक वेळा किमोने नाही, तर मधल्या काळातल्या संसर्गाने: महागडी अँटिबायोटिक्स, बुरशीवरची औषधं, प्लेटलेट. यातलं पॅकेजमध्ये काय बसतं आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी विचारा, म्हणजे उरलेल्या रकमेसाठी वेळेत अर्ज करता येतील. त्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी आहेत, मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहेत. कोणता अर्ज आधी करायचा, एकामुळे दुसरा अडतो का, हे एमएसडब्ल्यूला विचारून ठरवा. बऱ्याच निधींचे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात येतात, त्यामुळे खिशातून भरून मग परत मिळतील असं गृहीत धरू नका. सरकारी निधीसाठी कोणालाही टक्केवारी द्यावी लागत नाही.

नोकरी असेल तर आणखी दोन दारं आहेत. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर उपचार तर मिळतातच, शिवाय अटी पूर्ण होत असतील तर दीर्घ आजाराच्या रजेत पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कंपनीला वेळेवर लेखी कळवणं हे तुमच्या दिरांचं काम. पुढे तुम्ही गावी ये-जा कराल तेव्हा रेल्वेची कर्करुग्ण सवलत घ्या: उपचारासाठीच्या प्रवासाला पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो. जमीन विकायची घाई करू नका. मी बघितलंय, पहिल्या आठवड्यात घाबरून पडेल भावाने विकलेली जमीन पुढे कायमची सल ठेवते. आधी ही सगळी दारं ठोठावा.

राहण्यासाठी दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला टाटाचंच बोर्जेस होम आहे. गर्दी असते, म्हणून पत्र एमएसडब्ल्यूकडून घ्या आणि डिस्चार्जच्या आठ दिवस आधी नाव लावा. काउंट कमी असताना ओल आलेली भिंत, शेजारी तोडफोड किंवा बांधकाम चाललेली खोली टाळा. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

आता रडण्याचं. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते घरातले सगळे मिळून नाटक करू लागले की. टाटाच्या बेडवर झोपलेल्या माणसाला आपल्याला काय झालंय हे कळलेलं असतं. तरी पुष्कळ घरांत "त्याला सांगू नका" चालू असतं. मग तो त्याची भीती गिळतो, तुम्ही तुमची, आणि रात्री दोघंही जागे. ते विचारतील, "मी वाचेन ना?" शपथा घालू नका, विषयही बदलू नका. एवढंच म्हणा: "डॉक्टर म्हणतात उपचार आहेत आणि ते चालू आहेत. मॅरोचा रिपोर्ट आला की आपण दोघं मिळून विचारू. मी इथंच आहे." आणि मग गप्प बसा. पुढे तेच बोलतील, कधी मुलांचं, कधी कर्जाचं, कधी नुसतं गावच्या विहिरीचं. ते ऐकणं हे उपचाराइतकंच मोलाचं काम आहे.

चिडतीलही. चहा गार आहे म्हणून, पंखा वाढवला म्हणून. अशक्तपणा, तोंडातले व्रण, झोप नाही, आणि कमावता माणूस दुसऱ्याच्या हाताने लघवीचं भांडं घेतो त्याची लाज. पाच मिनिटं बाहेर जाऊन या. पण सतत घालूनपाडून बोलणं सोसायलाच हवं असं मात्र नाही. शांत वेळी सांगा, "मला लागतं ते." किमो चालू असताना आणि त्यानंतरचे दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना ग्लोव्हज घाला, त्यांचे कपडे वेगळे धुवा. जवळ बसायला, हात धरायला काहीच हरकत नाही, हा आजार स्पर्शाने होत नाही. शरीरसंबंधाबद्दल बायका विचारायला लाजतात: प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असताना नको, पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तरी किमोच्या काळात निरोध हवाच.

मुलांना फोनवर "बाबा कामाला गेलेत" सांगू नका. मुलीला आजाराचं नाव सांगा, शाळेत कोणीतरी सांगण्यापेक्षा आईने सांगितलेलं बरं. धाकट्याला तीन गोष्टी पुरतात: बाबांचं रक्त आजारी आहे, ते कोणाच्या चुकीने झालेलं नाही, आणि जवळ गेल्याने ते आपल्याला होत नाही. केस जातील हेही आधीच सांगा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर मुलगा दचकणार नाही. बाबा घरी आल्यावर मुलांपैकी कोणाला किंवा शेजारी कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तुमच्याबद्दल. तुम्हाला सर्दी-ताप आला तर तुम्ही त्यांच्या खोलीत जाऊच शकणार नाही. मग कोण? म्हणून आत्ताच एक माणूस तयार करा, दीर, भाऊ, मावसबहीण, कोणीही ज्याला वही वाचता येईल आणि तापाचा नियम पाठ असेल. आठवड्यातून दोन रात्री तो बसेल आणि तुम्ही धर्मशाळेत आडव्या होऊन झोपाल. तुमच्या बीपीच्या गोळ्या असतील तर त्या चुकवू नका. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, काहीच नकोसं वाटत असेल, तर हॉस्पिटलच्या समुपदेशकाकडे जा किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चौथ्या आठवड्यात मॅरोचा रिपोर्ट येईल. त्या दिवशी दिरांना सोबत ठेवा आणि वहीच्या उजव्या पानावर हे तीन प्रश्न लिहून न्या: रेमिशन मिळालं का, जनुकीय तपासण्यांवरून पुढे नुसता किमो पुरेल की ट्रान्सप्लांट लागेल, आणि ट्रान्सप्लांट लागणार असेल तर भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे मॅरो जुळतो का ती तपासणी, कधी करायची. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. पूर्ण जुळलं नाही तर आई-वडील, मुलं किंवा भावंडं यांच्याकडून अर्ध्या जुळणीचं ट्रान्सप्लांटही हल्ली होतं, आणि दात्री यांसारख्या नोंदणी संस्थांकडे नात्याबाहेरचा दाता शोधता येतो. बायकोशी सहसा जुळत नाही. "माझं घ्या" म्हणून तुम्ही पुढे व्हाल आणि नाही म्हटल्यावर वाईट वाटून घ्याल, म्हणून आधीच सांगितलं. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली याच टाटा हॉस्पिटलमध्ये झालं. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये उभं राहिलं त्यामागेही सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाईंची आठवण होती, त्या १९३१ मध्ये ल्युकेमियानेच गेल्या. तेव्हा या आजारावर धड औषध नव्हतं. आज आहे, आणि डॉक्टर ते देत आहेत.

ट्रान्सप्लांट ठरलं तर खर्चाचं नवं एस्टिमेट निघेल आणि नंतरचे साधारण शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागेल. म्हणजे मुलांची शाळा, सासूबाईंचं दुखणं, शेतीचा हंगाम, सगळंच पुन्हा मांडावं लागेल. तेव्हा परत लिहा, त्या वेळच्या कागदांचं आणि सोयीचं वेगळं सांगेन. तोवर उद्या सकाळी एमएसडब्ल्यूकडे जा, आणि आज रात्री दिरांना फोन करून उत्पन्नाच्या दाखल्याचं काम सांगून टाका.